अकरा केव्ही केबलचं कोटेशन कसं वाचायचं

३३/११ केव्ही उपकेंद्रासाठी, म्हणजे ३३ हजार व्होल्टचा दाब ११ हजारांवर आणणाऱ्या केंद्रासाठी, केबल घ्यायची आहे. टेबलावर तीन कोटेशनं आहेत आणि तिन्हींवर एकच ओळ: ‘११ केव्ही, ३ कोअर, ३०० चौरस मिमी, एक्सएलपीई, आर्मर्ड’. (कोअर म्हणजे इन्सुलेशन चढवलेला एकेक कंडक्टर, एक्सएलपीई हे इन्सुलेशनचं प्लास्टिक, आणि आर्मर म्हणजे वरचं धातूचं कवच.) भावात मात्र मीटरमागे चांगलाच फरक. अकाउंट्सवाले विचारणार, वस्तू एकच असेल तर महाग का घ्यायची? प्रश्न रास्त आहे. पण त्या ओळीवरून वस्तू एकच आहे हे ठरत नाही. व्होल्टेज ग्रेड अर्धवट लिहिली आहे. कंडक्टर तांब्याचा की अ‍ॅल्युमिनियमचा, आर्मर पट्टीचं की तारेचं, बाहेरचं आवरण कशाचं, काहीच कळत नाही. इन्सुलेशन कारखान्यात कसं चढवलं याचा तर उल्लेखही नाही, आणि केबल पुढे किती वर्षं टिकणार ते बहुतांशी तिथेच ठरतं.

साइझ काढणं हे या सगळ्यातलं सोपं काम. त्याचे तक्ते छापलेले आहेत. साइझ कमी पडली म्हणून केबल गेली, असं क्वचित ऐकू येतं. केबल जाते ती इन्सुलेशनमध्ये राहून गेलेल्या पोकळीमुळे, आत शिरलेल्या पाण्यामुळे, नाहीतर जॉइंट करताना सुरीचा ओरखडा खोल गेल्यामुळे. यातलं काहीही ड्रमकडे बघून दिसत नाही. म्हणून चांगली केबल निवडायची म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टींचा पुरावा कसा मागायचा हे शिकायचं.

आधी अर्थिंग विचारा

११ केव्ही हा दोन फेजमधला दाब. फेज आणि जमीन यांच्यामधला दाब काढायला त्याला ३ च्या वर्गमुळाने भागायचं. उत्तर येतं ६.३५ केव्ही. केबलच्या प्रत्येक कोअरभोवती तांब्याची टेप गुंडाळलेली असते आणि ती अर्थ केलेली असते. त्यामुळे इन्सुलेशनला रोज सोसावा लागतो तो हा ६.३५ चा दाब. केबलवर ‘६.३५/११ केव्ही’ असे दोन आकडे असतात ते यासाठी.

आता एक फेज जमिनीला लागला, तर काय होतं? वितरणाच्या नेहमीच्या ३३/११ उपकेंद्रात रोहित्राचा न्यूट्रल, म्हणजे तिन्ही फेज जिथे एकत्र जोडलेले असतात तो बिंदू, थेट अर्थ केलेला असतो. अर्थ फॉल्ट आला की भरपूर करंट वाहतो, रिले (फॉल्ट ओळखणारं उपकरण) उचलतो, ब्रेकर (प्रवाह तोडणारा स्विच) उघडतो. सगळा मामला सेकंदाच्या अलीकडे-पलीकडे मिटतो. इथे ६.३५/११, म्हणजे बोलण्यातली ‘अर्थ्ड ग्रेड’, पुरते.

न्यूट्रल मोकळा किंवा मोठ्या रेझिस्टरमधून अर्थ केलेला असेल तिथे गोष्ट वेगळी. आपल्याकडच्या साखर कारखान्यांच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पांत ११ केव्हीचे जनरेटर असे रेझिस्टरमधून अर्थ केलेले सर्रास दिसतात. अशा ठिकाणी एक फेज जमिनीला लागला की उरलेल्या दोन फेजवर जमिनीच्या मानाने ६.३५ ऐवजी जवळपास पूर्ण ११ केव्ही दाब येतो. रिले हा फॉल्ट लगेच तोडणार असेल तर अर्थ्ड ग्रेड चालून जाते. पण गाळप थांबू नये म्हणून नुसता अलार्म वाजवत तासन्‌तास तसंच चालवायचं असेल, तर ‘११/११ केव्ही’, म्हणजे अनअर्थ्ड ग्रेडच हवी. भारतीय मानक आयएस ७०९८ भाग २ प्रमाणे पहिल्या ग्रेडचं इन्सुलेशन ३.६ मिमी जाड असतं आणि दुसऱ्या ग्रेडचं ५.५ मिमी. जवळजवळ दीडपट माल. तीन कोटेशनांतलं सर्वांत स्वस्त कोटेशन स्वस्त का, याचं उत्तर कधी कधी इथेच सापडतं.

उलटी चूकही होते. ‘जाड ते चांगलं’ म्हणून गरज नसताना अनअर्थ्ड ग्रेड मागवली जाते. मग भांडारातली टर्मिनेशन किट (केबलचं टोक पॅनेलला जोडायचे संच) कोअरवर बसत नाहीत, जुन्या केबलला जोडताना जॉइंटर डोकं धरून बसतो. पुण्याच्या बाजूला २२ केव्हीचं जाळं आहे; तिथे १२.७/२२ केव्ही ग्रेड आणि ६.० मिमी इन्सुलेशन. ३३ केव्हीला १९/३३ आणि ८.८ मिमी. ठरवायचा प्रश्न सगळीकडे तोच: न्यूट्रल कसा अर्थ केलाय आणि अर्थ फॉल्ट किती वेळात तुटतो? हे दोन मुद्दे पुरवठादाराला लिहून दिल्याशिवाय भाव मागवण्यात अर्थ नाही.

आत काय असतं

चांगला पुरवठादार केबलचा हातभर तुकडा नमुना म्हणून देतो. तो कापलेल्या तोंडाकडून बघायचा. मधोमध कंडक्टर: तारा एकमेकींत दाबून गोल केलेल्या. त्यावर अर्धा-एक मिलिमीटरचा काळा थर, कंडक्टर स्क्रीन. मग दुधी रंगाचं इन्सुलेशन. त्यावर पुन्हा काळा थर, इन्सुलेशन स्क्रीन. त्यावर तांब्याची टेप. असे तीन कोअर एकत्र वळलेले, मधल्या फटी फिलरने भरलेल्या, वर आतलं आवरण, मग लोखंडी पट्टी किंवा तारेचं आर्मर आणि शेवटी बाहेरचं आवरण.

यातले दोन काळे थर नवख्या माणसाला उगीच घातल्यासारखे वाटतात. खरं तर इन्सुलेशनचं आयुष्य त्यांच्यावर आहे. तारांनी बनलेल्या कंडक्टरचा पृष्ठभाग उंचसखल असतो आणि प्रत्येक उंचवट्यावर विद्युतक्षेत्र एकवटतं. काळा थर अर्धवाहक असतो, त्याला बाजारात ‘सेमिकॉन’ म्हणतात. तो हे उंचवटे झाकतो आणि इन्सुलेशनला आतून गुळगुळीत, एकसारखा गोल पृष्ठभाग देतो. बाहेरचा सेमिकॉन तेच काम वरच्या बाजूने करतो. ११ केव्ही अर्थ्ड केबलमध्ये ६.३५ केव्ही दाब ३.६ मिमीमध्ये विभागला जातो, म्हणजे सरासरी मिलिमीटरला पावणेदोन केव्ही. कंडक्टरजवळ त्याहून थोडा जास्त. सेमिकॉन आणि इन्सुलेशन यांच्यामध्ये केसाएवढी फट राहिली, तर त्या फटीतल्या हवेत बारीक ठिणग्या पडू लागतात. त्यांना पार्शल डिस्चार्ज म्हणतात. एका ठिणगीने काही होत नाही. पण ५० हर्ट्‌झच्या प्रत्येक फेऱ्यात त्या पडत राहतात आणि इन्सुलेशन आतून कोरत जातात.

म्हणून हे तिन्ही थर, म्हणजे आतला सेमिकॉन, इन्सुलेशन आणि बाहेरचा सेमिकॉन, एकाच डायमधून एकाच वेळी बाहेर पडले पाहिजेत. याला ट्रिपल एक्स्ट्रुजन म्हणतात. गरम असतानाच थर एकमेकांना चिकटतात, मध्ये धूळ किंवा हवा शिरायला वाव राहत नाही. ‘ट्रिपल एक्स्ट्रुडेड, ड्राय क्युअर्ड’ हे शब्द मागणीपत्रात नसतील तर आधी ते घाला.

ड्राय क्युअर्ड म्हणजे काय? साधं पॉलिथिन उत्तम इन्सुलेटर आहे, पण उष्णतेने मऊ पडतं आणि पुढे वितळतं. त्याच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना आडव्या जोडल्या की एक्सएलपीई तयार होतं. हे म्हणजे उकडलेल्या अंड्यासारखं. एकदा घट्ट झालं की पुन्हा पातळ होत नाही. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत हे तंत्र पुढे आलं. एक्सएलपीई केबलचा कंडक्टर कायम ९० अंशांवर चालवता येतो आणि शॉर्टसर्किटच्या काही क्षणांत २५० अंशांपर्यंत गेला तरी चालतो. पीव्हीसीला हेच आकडे ७० आणि १६०.

सुरुवातीच्या काळात ही आडवी जोडणी वाफेच्या नळीत होत असे. वाफ म्हणजे पाणीच. ते दाबाखाली इन्सुलेशनमध्ये शिरायचं आणि सूक्ष्म पोकळ्या ठेवून जायचं. वर त्या काळच्या अनेक केबलींना पाणी अडवणारं नीट आवरणही नव्हतं. सत्तरच्या दशकात अमेरिकेत आणि युरोपात घातलेल्या अशा बऱ्याच केबली अपेक्षेच्या निम्म्या आयुष्यातच जाऊ लागल्या. कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर इन्सुलेशनमध्ये झुडपासारख्या बारीक फांद्या पसरलेल्या. हेच वॉटर ट्री. पाणी आणि विद्युतक्षेत्र दोन्ही असलं की ते वाढतं, वर्षानुवर्षं, गुपचूप. त्यात ठिणग्या पडत नाहीत, त्यामुळे पार्शल डिस्चार्जच्या चाचणीत ते सापडत नाही. शेवटी त्याच्या टोकाशी इन्सुलेशन इतकं कमकुवत होतं की लाइन चार्ज करतानाच्या एखाद्या सर्जने (दाबाच्या क्षणिक उसळीने) केबल पंक्चर होते, आणि सगळे म्हणतात, ‘काल तर व्यवस्थित चालू होती!’

आता वाफेऐवजी गरम नायट्रोजनमध्ये क्युअरिंग करतात. तेच ड्राय क्युअरिंग. एलटी, म्हणजे कमी दाबाच्या, केबलमध्ये ओलाव्याने क्युअर होणारं सायलेनचं स्वस्त तंत्र वापरतात आणि तिथे ते ठीकही आहे. ११ केव्ही आणि वर मात्र मी ड्राय क्युअरिंगवर अडून बसेन, चार पैसे जास्त गेले तरी.

अ‍ॅल्युमिनियम, आणि थोडा हिशोब

उपकेंद्राच्या फीडरला आपल्याकडे बहुतेक अ‍ॅल्युमिनियमच असतं. तांब्याच्या १८५ चौरस मिमीला आणि अ‍ॅल्युमिनियमच्या ३०० चौरस मिमीला रोध जवळजवळ सारखाच: किलोमीटरला ०.०९९१ आणि ०.१०० ओहम. पॅनेलमध्ये जागा अगदीच तोकडी असेल तर तांबं घ्या. नाहीतर त्याचा भाव आणि त्याच्यावर डोळा ठेवून असणारे चोर, दोन्ही टाळलेले बरे. अ‍ॅल्युमिनियम कंडक्टर तांब्याच्या बसबारला जोडताना बायमेटल लग (दोन्ही धातू असलेला जोडतुकडा) लावायला विसरू नका.

आता एक बारकावा. मानकात ‘३०० चौरस मिमी’ हे नुसतं नाव आहे. कारखान्याने पाळायचा असतो तो रोध: २० अंशांना किलोमीटरमागे जास्तीत जास्त ०.१०० ओहम. तेव्हा कॅलिपरने तारा मोजत बसू नका, मिलिओहम मीटर लावा. रोध दहा टक्के जास्त निघाला तर काय बिघडतं? एक किलोमीटर लांबीच्या फीडरवर वर्षभर २०० अ‍ॅम्पिअर वाहतात असं धरा. तीन फेजचा मिळून लॉस १२ किलोवॅट. त्याचे दहा टक्के म्हणजे १.२ किलोवॅट, आणि वर्षाचे ८७६० तास धरले तर सुमारे साडेदहा हजार युनिट. हे बिल दरवर्षी येणार, केबल जमिनीत आहे तोवर.

असाच हिशोब भावाचाही मांडता येतो. तीन कोअर गुणिले ३०० म्हणजे ९०० चौरस मिमी. अ‍ॅल्युमिनियमची घनता २.७. म्हणजे मीटरमागे सुमारे २.४ किलो अ‍ॅल्युमिनियम. ३.६ मिमी जाडीचं एक्सएलपीई तिन्ही कोअरवर मिळून पाऊण किलोच्या थोडं वर. वर सेमिकॉन, तांब्याची टेप, पीव्हीसी, जस्त चढवलेलं लोखंड. धातूचे भाव रोज जाहीर होतात. नुसत्या कच्च्या मालाचा आकडा मांडून बघा. एखादं कोटेशन त्या आकड्याला खेटून असेल, तर कारखानदार धर्मादाय चालवत नाही एवढं लक्षात ठेवून पुढचे प्रश्न विचारा.

साइझ

करंटपासून सुरुवात. १० एमव्हीएचं रोहित्र ११ केव्हीच्या बाजूला पूर्ण भारावर ५२५ अ‍ॅम्पिअर देतं. ३३ केव्हीच्या बाजूला १७५. कॅटलॉगमध्ये समजा तीन कोअर ३०० ला जमिनीत ३७० अ‍ॅम्पिअर लिहिलेत. हा आकडा आदर्श परिस्थितीतला: जमीन ३० अंश, मातीचा उष्णतारोध ठरलेला, चरात एकटीच केबल. प्रत्यक्षात उपकेंद्राच्या कुंपणातून सहा फीडर एकाच चरातून बाहेर पडतात आणि एकमेकींना तापवतात. गुणक समजा ०.७ आला तर ३७० चे उरले २५९. फीडरच्या भाराला कदाचित हे पुरेल, पण इनकमरला, म्हणजे रोहित्राकडून पॅनेलमध्ये येणाऱ्या जोडणीला, ५२५ मिळवायला दोन रनही (समांतर टाकलेल्या दोन केबलीही) कमी पडतात. तिथे तीन रन घ्या, नाहीतर इनकमरचा मार्ग वेगळा ठेवून मोठ्या सिंगल कोअरकडे वळा.

मातीबद्दल थोडं. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती पावसाळ्यात ओली आणि फुगलेली असते, तेव्हा उष्णता छान वाहून नेते. एप्रिल-मेमध्ये तीच माती भेगाळते, आटते, केबलच्या अंगापासून सुटते. मध्ये हवा आली की उष्णतेला वाटच राहत नाही, आणि नेमका तेव्हाच भार शिगेला असतो. म्हणून काढलेली काळी माती पुन्हा केबलवर लोटू नका. खाली-वर चाळलेल्या वाळूचा थर, त्यावर विटा किंवा फरशी, मग भराव. आयएस १२५५ प्रमाणे ११ केव्हीसाठी खोली ०.९ मीटर, २२ आणि ३३ साठी १.०५ मीटर.

दुसरी कसोटी शॉर्टसर्किटची, आणि उपकेंद्रात बहुतेक वेळा साइझ ठरते ती इथे. एक्सएलपीई अ‍ॅल्युमिनियम केबल ९० वरून २५० अंशांवर जाईपर्यंत एका सेकंदासाठी चौरस मिमीमागे ९४ अ‍ॅम्पिअर सोसते. तांबं १४३. म्हणजे ३०० अ‍ॅल्युमिनियमला एका सेकंदासाठी सुमारे २८ हजार अ‍ॅम्पिअर, किंवा २८ केए. पॅनेलच्या नेमप्लेटवर ‘२५ केए, ३ सेकंद’ लिहिलेलं असतं. हा आकडा जसाच्या तसा केबलला लावला तर ४६१ चौरस मिमी येतात, म्हणजे ५०० ची केबल. सल्लागार कधी कधी तेवढ्यावरच सही करतात आणि ग्राहकाच्या पैशाने सुखाने झोपतात.

पण १० एमव्हीए रोहित्राचा इम्पीडन्स (फॉल्ट करंटला होणारा त्याचा आतला अडथळा) समजा ८.३५ टक्के असेल, तर त्यातून ११ केव्हीवर येऊ शकणारा फॉल्ट करंट जास्तीत जास्त ५२५ भागिले ०.०८३५, म्हणजे सुमारे ६.३ केए. दोन रोहित्रं पॅरलल चालवली तरी १२.६. एका सेकंदाला हे सोसायला १५० ची केबलसुद्धा पुरते. मग ३०० का घ्यायची? भारासाठी, लॉससाठी, आणि उद्या तिसरं रोहित्र बसेल किंवा वरचं जाळं बळकट होईल यासाठी. माझं मत: पॅनेलची पूर्ण २५ केए क्षमता धरा, पण वेळ तीनऐवजी एक सेकंद धरा, आणि बॅकअप रिले त्याआत काम करतो याची खातरजमा करा. उत्तर २६६ येतं, म्हणजे ३०० ची केबल, आणि भांडारात एकच साइझ ठेवायची सोय होते. ११ केव्हीवर उपकेंद्राच्या आवारापुरता व्होल्टेज ड्रॉप नगण्य असतो, त्यात वेळ घालवू नका.

कंडक्टरचा हिशोब सगळे करतात. तांब्याच्या टेपचा आणि आर्मरचा कुणी करत नाही. अर्थ फॉल्टचा करंट परत जातो तो या दोघांतून. टेप पातळ असेल आणि आर्मर दोन्ही टोकांना ग्लँडमध्ये (पॅनेलच्या भोकात केबल पकडणाऱ्या जोडात) नीट पकडलेलं नसेल, तर फॉल्ट एका ठिकाणी आणि टेप जळते दुसरीकडे. स्क्रीन आणि आर्मर मिळून किती केए किती सेकंद सोसतील, हा आकडा पुरवठादाराकडून लेखी घ्या.

इनकमरला सिंगल कोअर

रोहित्र ते पॅनेल या छोट्या अंतरावर मोठ्या करंटसाठी सिंगल कोअर केबल वापरतात आणि तिथे एक खास घोळ होतो. सिंगल कोअरभोवती लोखंडी आर्मर असेल तर एसी करंटच्या चुंबकीय क्षेत्राने ते तापतं. म्हणून आर्मर अ‍ॅल्युमिनियमचं हवं. केबलच्या सांकेतिक नावात हे दिसतं: ‘ए-२एक्स-एफ-वाय’ म्हणजे अ‍ॅल्युमिनियम कंडक्टर, एक्सएलपीई, लोखंडी पट्टी आणि पीव्हीसी आवरण, पट्टीऐवजी तार असेल तर ‘एफ’च्या जागी ‘डब्ल्यू’, आणि त्याच्यापुढे लहान लिपीतलं ‘ए’ असेल तर आर्मर अ‍ॅल्युमिनियमचं. एका बारीक अक्षराचा फरक, पण स्टोअरकीपरला तो माहीत असलेला बरा.

केबल बरोबर आली तरी पॅनेलच्या तळाची ग्लँड प्लेट लोखंडी असते. तिच्यात तीन वेगळी भोकं पाडून तीन फेज आत घेतले की भोकांमधल्या लोखंडात एडी करंट फिरतो. दोनशे अ‍ॅम्पिअरपर्यंत फारसं जाणवत नाही. पाचशेला प्लेटजवळचा रंग करपतो आणि ग्लँडपाशी आवरण मऊ पडतं. उपाय स्वस्त आहे: अ‍ॅल्युमिनियमची ग्लँड प्लेट. केबली त्रिकोणात, एकमेकींना चिकटवून, नॉन-मॅग्नेटिक क्लॅम्पमध्ये बांधा.

बाहेरचं आवरण

केबल पॅनेल रूमच्या ट्रेंचमध्ये असेल तर एफआरएलएस पीव्हीसी, म्हणजे आग न पसरवणारं आणि धूर कमी करणारं. त्याचा ऑक्सिजन इंडेक्स (जळत राहायला हवेत लागणारा ऑक्सिजनचा टक्का) किमान २९ हवा, जळताना सुटणारा हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू २० टक्क्यांच्या आत. जमिनीत, विशेषतः कोकणात, जिथे चर चार महिने पाण्याखाली असतो, तिथे मला पीव्हीसीपेक्षा एचडीपीई (जास्त घनतेचं पॉलिथिन) जास्त भरवशाचं वाटतं. पाण्याची वाफ त्यातून कितीतरी कमी झिरपते आणि ते घासलं जात नाही. अडचण अशी की एचडीपीई चांगलं पेटतं. म्हणून तीच केबल इमारतीत शिरत असेल तर आतल्या भागावर अग्निरोधक लेप द्या आणि भिंतीतलं भोक नीट बुजवा. वाळवी असेल तर आवरणात वाळवीरोधक घटक मागा. पाणी लांबपर्यंत पसरू नये म्हणून कंडक्टरच्या तारांमध्ये आणि स्क्रीनखाली पाण्याने फुगणारी टेप किंवा पावडर मिळते. ओल्या जागी त्यावर खर्च केलेला पैसा वाया जात नाही.

कागद आणि कारखान्याची भेट

आयएसआय खुणेखाली परवाना क्रमांक असतो. बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला की परवाना चालू आहे का ते कळतं. मग टाइप टेस्ट रिपोर्ट, म्हणजे त्या प्रकारच्या केबलच्या नमुन्यावर घेतलेल्या सविस्तर चाचण्यांचा अहवाल. इथे बंगळुरूची सीपीआरआय किंवा वडोदऱ्याची एर्डा अशा प्रयोगशाळेचं नाव बघून लोक फाइल बंद करतात. तसं करू नका. तो रिपोर्ट कोणत्या ग्रेडचा, कोणत्या साइझचा आणि मुख्य म्हणजे कोणत्या कारखान्यात बनलेल्या केबलचा आहे? एकाच कंपनीचे दोन कारखाने असतात, मशिनं वेगळी असतात.

ऑर्डर मोठी असेल तर माल निघण्याआधी कारखान्यात जा. चहापाण्यात दुपार जाऊ देऊ नका, तीन गोष्टी समोर करून घ्या.

पहिली, जाडी. कोअरची पातळ चकती कापून प्रोजेक्टरखाली सहा ठिकाणी मोजतात. ३.६ मिमीची सरासरी हवी, आणि सर्वांत पातळ जागी ३.१४ मिमीपेक्षा कमी नको. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ असेल तर कंडक्टर मध्यावर बसलेला नाही. तशीच एक चकती गरम सिलिकॉन तेलात सोडायला सांगा. दुधी एक्सएलपीई काही वेळात काचेसारखं पारदर्शक होतं, आणि आतली पोकळी, काळा कण, सेमिकॉनचं टोचलेलं टोक, सगळं नुसत्या भिंगातून दिसतं. मला ही सगळ्यात आवडती चाचणी. आकडा नाही, वाद नाही.

दुसरी, हॉट सेट. इन्सुलेशनमधून डमरूच्या आकाराची पट्टी कापतात, तिच्यावर २० मिमी अंतरावर दोन खुणा करतात आणि २०० अंशांच्या भट्टीत चौरस सेंटीमीटरला २० न्यूटन वजन लावून १५ मिनिटं टांगतात. पट्टी ताणली जाते. १७५ टक्क्यांपर्यंत ताणली तर चालते. वजन काढून थंड केल्यावर १५ टक्क्यांपेक्षा जास्त वाढ उरता कामा नये. क्युअरिंग अर्धवट असेल तर पट्टी लांबत लांबत भट्टीच्या तळाशी जाऊन पडते. लाइन जास्त वेगाने पळवून उत्पादन वाढवलं की हेच होतं.

तिसरी, पार्शल डिस्चार्ज. ही प्रत्येक ड्रमवर व्हायला हवी, नमुन्यावर नव्हे. आंतरराष्ट्रीय मानकात ती फेज-जमीन दाबाच्या १.७३ पटीला, म्हणजे आपल्या केबलसाठी सुमारे ११ केव्हीला घेतात, आणि मोजणी १० पिकोकूलंब इतकी बारीक असावी लागते. जोडीला साडेतीन पट, म्हणजे सुमारे २२ केव्हीला पाच मिनिटं दाबचाचणी. रिपोर्टवरचा ड्रम नंबर आणि समोरच्या ड्रमवरचा नंबर जुळतो का, तेवढं पाहा.

साइटवर आल्यावर

चांगली केबल साइटवर खराब करायला एक पाऊस पुरतो. ड्रमवरून तुकडा कापला की उघड्या टोकाला हीट श्रिंक कॅप बसलीच पाहिजे. प्लास्टिकची पिशवी आणि सुतळी नव्हे. पाणी तारांमधल्या फटींतून मीटरच्या मीटर आत जातं. ओढताना वळण: ७५ मिमी व्यासाची तीन कोअर केबल असेल तर व्यासाच्या १५ पट धरून सुमारे ११२५ मिमी त्रिज्या हवी. पॅनेलखालचा ट्रेंच ६०० मिमी रुंद ठेवणाऱ्या सिव्हिलवाल्यांना हे ड्रॉइंगच्या वेळीच सांगावं लागतं.

जॉइंट आणि टर्मिनेशन ही केबलची सगळ्यात नाजूक जागा. बाहेरचा सेमिकॉन काढताना सुरी इन्सुलेशनमध्ये अर्धा मिलिमीटर जरी गेली, तरी ३.६ मधले तेवढे कायमचे गेले. सेमिकॉन दोन तऱ्हेचा असतो: सोलून निघणारा आणि चिकटलेला. चिकटलेला तासायला खास अवजार लागतं. आपला जॉइंटर कोणत्या तऱ्हेला सरावलेला आहे, ते ऑर्डर देण्याआधी त्यालाच विचारा. केबल भारी आणि किट स्वस्तातलं, ही काटकसर सगळ्यात महाग पडते.

शेवटची चाचणी. जुने लोक अजून डीसी हायपॉटचा (डीसीने घेतलेल्या उच्च दाबचाचणीचा) आग्रह धरतात, कागदी केबलच्या काळातली सवय. एक्सएलपीईमध्ये डीसीने आत विद्युतभार साठून राहतो आणि चालू झाल्यावर, विशेषतः जुन्या केबलमध्ये, तोच नडतो. त्याऐवजी व्हीएलएफ (अतिमंद वारंवारितेचा एसी दाब देणारा) संच भाड्याने आणा: ०.१ हर्ट्‌झ, ६.३५ च्या तिप्पट दाब, म्हणजे १९ केव्ही, १५ मिनिटं. त्याआधी ५ केव्ही मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) मोजणी, आणि बाहेरच्या आवरणाची वेगळी चाचणी, म्हणजे ओढताना दगडाने कुठे फाटलं असेल तर चर बुजवण्याआधी कळेल.

चार्ज झाल्यावर ड्रमवर वीस-तीस मीटर उरतात आणि भंगारवाला विचारायला येतोच. देऊ नका. दोन्ही टोकांना कॅप लावा, ड्रमवर बॅच नंबर आणि किटचा मेक रंगाने लिहा, आणि शेडमध्ये ठेवा. जेसीबीने फीडर तोडला की मध्ये घालायला त्याच बांधणीचा, त्याच जाडीचा तुकडा लागतो, आणि तो बाजारात तीस मीटर मिळत नाही.